ओत्सुबोंकडचा खालचा संडास

मी संडास बोलतोय. नाकाला रुमाल लावू नका, गरज नाही. माझ्या अंगाला वास येत असता तर ओत्सुबो किन्पेई यांनी मला केव्हाच उचलून रस्त्यावर ठेवलं असतं. मिशिमा गावातल्या त्यांच्या दुमजली घरात, जिन्याखालच्या खोलीत, मी गेली चौदा वर्षं आहे. घरात आणखी एक संडास आहे, वरच्या मजल्यावर. तो माझ्याहून वडील, पण साधा. दांडा ओढला की पाणी सोडतो आणि गप्प राहतो. मला सतरा बटणं आहेत. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण एके काळी मला त्या सतरा बटणांचा फार गर्व होता आणि त्याच गर्वाची ही गोष्ट आहे.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. माती कालवली, साच्यात ओतली, भट्टीत घातली. बाहेर आल्यावर एका बाईंनी लाकडी हातोडीने माझ्या अंगावर टकटक करून कान लावला. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. माझा खणखणीत आला. बाई म्हणाल्या, "हा पोरगा टिकेल." मला कोणी पोरगा म्हटलं ते तेवढंच एकदा. मग माझ्यात तारा भरल्या, नळ्या भरल्या, आणि मी हुशार झालो.

माणूस दारात आला की माझं झाकण आपोआप उघडतं. बैठक ऊबदार असते. एका बटणाने मागून धुतो, एका बटणाने वाळवतो. एक बटण दाबलं तर नदी वाहत असल्याचा आवाज येतो. हे बटण लाजाळू लोकांसाठी. आत माणूस काय करतोय ते बाहेरच्याला ऐकू जाऊ नये, म्हणून ही नदी.

किन्पेईसान आगगाड्या साफ करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. गाडी स्टेशनात यायची, उतारू उतरायचे, चढणारे रांगेत उभे असायचे, आणि मधल्या सात मिनिटांत अख्खा डबा लख्ख करायचा. अडतीस वर्षं त्यांनी हे केलं. निवृत्तीच्या वेळी टोळीतल्या माणसांनी विचारलं, भेट काय देऊ? आधीच्या मुकादमांनी घड्याळं घेतली होती, कोणी गरम पाण्याच्या झऱ्यांची सहल मागितली होती. किन्पेईसान म्हणाले, "बटणांचा संडास." असा मी या घरात आलो.

पहिल्या सकाळी ते आत आले, माझं झाकण वर गेलं, आणि त्यांना वाटलं मी त्यांना वाकून नमस्कार केला. आयुष्यभर कामाआधी स्टेशनात येणाऱ्या गाडीला वाकून नमस्कार करणारा माणूस तो. तेही वाकले. तेव्हापासून रोज सकाळी आमचा नमस्कार होतो.

या घरात चपलांचं सोवळं फार कडक. बाहेरचे बूट दारात काढायचे आणि घरातल्या चपला घालायच्या. त्या घालून फक्त पडवीत चालायचं. माझ्या दाराशी आलं की त्या बाहेर काढायच्या आणि आत ठेवलेल्या माझ्या चपलांत पाय घालायचे. निघताना उलट. चटईच्या खोलीत तर कुठलीच चप्पल नाही, नुसते मोजे. माझ्या चपला या सगळ्यात ओवळ्यातल्या ओवळ्या. त्या माझा उंबरा ओलांडून गेल्या की घर बाटलं.

एकदा गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष त्या घालून थेट चटईवर जाऊन बसले. किन्पेईसाननी त्यांना भरल्या कपावरून उठवलं, चटई पुसली, आणि पुसता पुसता त्यांना जे काही सुनावलं, त्यानंतर अध्यक्षांनी या घराची पायरी चढली नाही. त्याच संध्याकाळी किन्पेईसाननी पांढरा रंग आणला आणि माझ्या दोन्ही चपलांवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'संडास'. मग वर जाऊन तिथल्या हिरव्या चपलांवर लिहिलं: 'वरचा संडास'. त्यांच्या बायको मित्सुयोसान म्हणाल्या, "माझ्या पाठीवर पण लिहा, 'स्वयंपाकघर'. चुकून दुसरीकडे जाईन."

त्यांची दुसरी खोड नळाची. माझ्या भिंतीला लागूनच चटईची खोली आहे. पाहुणा आत गेला की किन्पेईसान भिंतीजवळ सरकून बसायचे आणि ऐकायचे. माझी नदी त्यांना फसवू शकत नसे. ते हात धुण्याच्या नळाची वाट बघत. नळ वाजला की पाहुणा पास.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, चिझुरूला, पहिलं स्थळ आलं होतं ते बँकेतल्या एका मुलाचं. मुलगा चांगला होता. तो आत आला, गेला, आणि नळ वाजला नाही. किन्पेईसाननी त्याच संध्याकाळी नकार कळवला. आता मी खरं सांगतो: त्या मुलाच्या खिशात औषधी ओले रुमाल होते आणि त्याने एकेक बोट पुसलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. पण मला सतरा बटणं असली तरी साक्ष द्यायचं बटण नाही.

चिझुरू त्या रात्री जेवली नाही. माझ्याकडे आली, कडी लावली, झाकणावरच बसली आणि नदीचं बटण दाबलं. नदी पंचवीस मिनिटं वाहत होती. बाहेर कोणालाच काही कळलं नाही.

तीन वर्षांनी तिने स्वतःच मुलगा शोधला. शुहेई त्याचं नाव, इथल्या शाळेत मुलांचं जेवण रांधणारा. ती वडिलांसमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, मी याच्याशीच लग्न करणार. तुम्ही हो म्हणालात तर या घरातून जाईन. नाही म्हणालात तरी जाईन, पण मग परत यायची नाही."

किन्पेईसान म्हणाले, "त्याच्या वडिलांना घेऊन ये. बघू."

"बघू म्हणजे काय ते मला माहीत आहे," चिझुरू म्हणाली. "भिंतीला कान लावणार तुम्ही."

भेटीच्या दिवशी सकाळपासून किन्पेईसाननी मला तीनदा घासलं. मित्सुयोसान दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, माणसं वाम मासा खायला येतायत, संडास बघायला नाही."

"खाल्ल्यावर कुठे जातील?"

"पहिल्या भेटीत कोणी जात नाही."

"जातात. आणि माणूस तिथेच कळतो."

शुहेईचे वडील, ओइकावा तोराझो, उत्तरेकडच्या हाचिनोहे बंदरावर माकूल पकडणारे कोळी. बायको वारलेली, बोली समुद्राची, आवाज वादळात हाक मारायचा. लग्नकार्यात घालायचा काळा कोट अंगात, हातात वाळवलेल्या माकुलांचं पुडकं. चटईवर गुडघे मुडपून बसले आणि घाबरून चहाचे कपावर कप रिचवत सुटले. सहाव्या कपानंतर त्यांनी मुलाच्या कानात काहीतरी विचारलं. शुहेई त्यांना माझ्या दारापर्यंत सोडायला आला.

"बाबा, आतल्या चपला आतच ठेवायच्या हं."

"अरे गाढवा, मला शिकवतोस? आमच्यात काय चपला न्हाईत?"

दार उघडलं आणि माझं झाकण वर गेलं. तोराझोसान दोन पावलं मागे सरकले. मग म्हणाले, "आयला. नमस्कार." बसले आणि लगेच अर्धवट उठले. "गरम हाय. आत्ताच कोन उठून गेलं?" माझ्या ऊबदार बैठकीची अशी तारीफ मी प्रथमच ऐकत होतो. सगळं नीट पार पडलं, त्यांनी कपडे सावरले, आणि मग खरी अडचण आली. पाणी कुठून सोडायचं?

भिंतीवर माझी सतरा बटणं. अक्षरं बारीक. चष्मा कोटाच्या खिशात, आणि कोट चटईच्या खोलीत काढून ठेवलेला. तोराझोसाननी नशिबावर हवाला ठेवून एक दाबलं. नदी वाहू लागली. ते खूश झाले, भांड्यात पाहिलं, आणि म्हणाले, "आवाज येतोय, पानी दिसंना." नदी संपेपर्यंत थांबले. मग दुसरं दाबलं, तर माझं झाकण मिटलं. त्यांनी ते हाताने उघडलं. अक्षरं वाचायला ते वाकले आणि तोल सावरायला डावा हात माझ्या बैठकीवर टेकला.

इथे माझी चूक झाली. बैठकीवर भार पडला की कोणी बसलंय, असं मी समजतो. एरवी कोणी बसल्याशिवाय मी फवारा सोडत नाही, इतका मी शहाणा. पण त्या हाताला मी माणूस समजलो. तोराझोसाननी तिसरं बटण दाबलं. माझी नळी बाहेर आली. हे काय निघतंय म्हणून ते आणखी वाकले, आणि मी त्यांच्या कपाळाचा नेम साधला.

"मेलो!" ते म्हणाले. पन्नास वर्षं समुद्राने तोंडावर पाणी मारलं असेल, पण ते असं कोमट नसणार. त्यांनी पंजाने नळी दाबायला पाहिली, तर पाणी भिंतीवर गेलं, छतावर गेलं. शेवटी चारपाच बटणं एकदम दाबल्यावर मी थांबलो आणि त्यातल्याच एकाने भांड्यातलं पाणीही सुटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिझुरूचं सगळं या माणसावर अवलंबून, आणि मी त्याला भिजवून ठेवला.

ते डोक्यावरून पाणी गळत उभे होते. लादी ओली, भिंत ओली. बाहेर वाम वाढलेली, होणारे व्याही वाट बघतायत. दुसरा कोणी असता तर दार ओढून निघाला असता. तोराझोसान गुडघ्यांवर बसले. आधी कागदाने, मग स्वतःच्या रुमालाने त्यांनी लादी पुसली, भिंत पुसली, माझ्या मागची बोळकांडी पुसली, जिथे किन्पेईसानशिवाय आजवर कोणाचा हात पोचला नव्हता. रुमाल पिळून खिशात घातला. पुटपुटत होते, "पुढल्या मानसाला ओलं नगं." शेवटी कागदाच्या गुंडाळीचं टोक त्यांनी दोन्ही बाजूंनी दुमडून त्रिकोणी केलं. मग हात धुतले, कोपरापर्यंत, चांगली दोन मिनिटं नळ सोडून. ओल्या हातांनीच केस मागे बसवले.

एवढ्यात शुहेईची हाक आली, "बाबा, वाम थंड होतेय!" तोराझोसान घाईने निघाले. दार उघडंच राहिलं. बाहेर काढून ठेवलेल्या घरातल्या चपला जागच्या जागी राहिल्या. आणि माझ्या चपला, 'संडास' आणि 'संडास', त्यांच्या पायांत फटक फटक करत पडवीतून चटईच्या खोलीत गेल्या.

दार उघडं असल्यामुळे पुढचं सगळं मला समोर दिसत होतं.

किन्पेईसान भिंतीजवळून नुकतेच आपल्या जागी सरकले होते. चेहरा प्रसन्न. नळ वाजला होता, आणि काय वाजला होता! त्यात व्याह्यांचं ओलं डोकं दिसलं. ते मित्सुयोसानच्या कानाशी लागले. "हात तर धुतलेच, डोकंसुद्धा धुतलं. अडतीस वर्षांत असा माणूस बघितला नाही." आणि मग त्यांची नजर खाली गेली.

चिझुरूच्या हातातल्या जेवायच्या काड्या गळल्या. मित्सुयोसान कपात चहा ओतत होत्या, तो कप भरून ताटलीत आणि ताटली भरून मेजावर गेला. शुहेई पांढरा पडला. तोराझोसान मात्र पाय मुडपून पुन्हा उशीवर बसले. पायांना आधीच मुंग्या आलेल्या, त्यांना पायांत काय आहे हे कळण्याची सोय नव्हती. "झकास हाय वाम," ते म्हणाले.

किन्पेईसान उठले आणि माझ्याकडे आले. मागोमाग चिझुरू पडवीत आली.

"बाबा, पाया पडते तुमच्या. आज नको."

त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो अध्यक्षांच्या वेळचाच होता. झालं, संपलं, असं मला वाटलं.

ते मोज्यांनिशी माझ्या उंबऱ्याशी उभे राहिले. लादीकडे पाहिलं. मग खाली बसून बोट फिरवलं. कोरडी. हात लांब करून माझ्या मागच्या बोळकांडीत बोट घातलं. तिथेही कोरडं. मग त्यांना कागदाचं त्रिकोणी टोक दिसलं. त्यांच्या टोळीत ती खूण होती: इथलं काम झालं, पुढच्या माणसासाठी तयार आहे. ते त्या टोकाकडे बघत राहिले. तेवढ्यात छतावर राहिलेला एक थेंब त्यांच्या टकलावर पडला.

त्यांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तू केलंस हे?"

माझ्याजवळ कबुली द्यायचं एकच साधन. मी झाकण मिटलं.

"बाबा?" चिझुरू म्हणाली.

"माझं पोट जरा बिघडलंय," किन्पेईसान म्हणाले. "वर जाऊन येतो."

"खालचा मोकळा आहे की."

"मला वरचाच हवाय."

त्यांचा उजवा गुडघा वर्षभर दुखत होता. दिवसा ते जिना चढत नसत. तरी कठडा धरून एकेक पायरी चढले. वर पाण्याचा आवाज नाही, काही नाही. थोड्याच वेळात ते उतरू लागले आणि पायऱ्यांवर फटक, फटक असा आवाज आला. हिरव्या चपला. एकीवर 'वरचा संडास', दुसरीवर 'वरचा संडास'. त्या घालून ते पडवीतून ताठ मानेने चालत गेले, चटईवर पाऊल ठेवलं आणि आपल्या जागी बसले. बसताना पाय मुद्दाम बाजूला काढले, अक्षरं दिसतील असे.

"अहो!" मित्सुयोसान म्हणाल्या.

"काय अहो? वाढ ना."

तोराझोसानना चष्म्याशिवाय बटणं वाचता आली नव्हती, पण ही अक्षरं आंधळ्यालाही दिसली असती. त्यांनी वाचलं. मग ते मुलाकडे झुकून कुजबुजले. समुद्रावरच्या माणसाची कुजबुज सगळ्या गल्लीला ऐकू जाते.

"शुहेई, यजमान संडासातल्या चपला घालून आल्यात. कुनी हसायचं न्हाई. वय झालंय त्यांचं. तू तिकडं बघूच नगंस."

"बाबा," शुहेई म्हणाला, "तुमचे पाय."

तोराझोसाननी मान वळवून मागे पाहिलं. मग वळले, आणि कपाळ चटईला टेकवलं. तो वादळातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"माफ करा. आई न्हाई पोराला, म्हनून मी आलो. येताना गाडीत धा बारा तास एकच घोकत होतो, काई चुकायचं न्हाई, काई चुकायचं न्हाई. त्याचं वाटोळं केलं मी. त्याला बोल लावू नका, तो चांगला हाय."

"डोकं वर करा, ओइकावासान," किन्पेईसान म्हणाले. "आमच्या घरात पाहुण्यांना हे अजिबात चालत नाही."

चिझुरूने डोळे मिटून घेतले.

"घरच्या माणसांना चालतं," किन्पेईसान म्हणाले आणि वामीचा तुकडा तोंडात टाकला.

आधी मित्सुयोसान हसल्या. मग शुहेई, मग तोराझोसान, आणि त्यांचं हसू असं की माझी बैठक थरथरली. चिझुरू रडत होती, सगळ्यांसमोर, नदी न लावता.

दुसऱ्या दिवशी किन्पेईसाननी ती चटई पाच वेळा पुसली. माणूस एका वाम-भाताने बदलत नाही. पण संध्याकाळी त्यांनी वाळवलेली चार माकुलं कागदात गुंडाळली आणि गल्लीच्या अध्यक्षांच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. पुढच्या रविवारी अध्यक्ष चहाला आले आणि भीतीने माझ्याकडे फिरकलेच नाहीत.

त्याला आठ वर्षं झाली. तोराझोसान दर नववर्षाला येतात. आले की आधी माझ्या दारात उभे राहून म्हणतात, "काय रे, आज न्हाई ना भिजवनार?" किन्पेईसाननी त्यांच्यासाठी माझ्या एका बटणाला लाल ठिपका लावलाय. पाण्याचं बटण ते.

आता माझं वय झालं. फवाऱ्यात जोर नाही. झाकण दोन आठवड्यांपासून उघडत नाही. नदी भर दुपारी आपली आपण वाहू लागते आणि मित्सुयोसान ओरडतात, "कोण आहे आत?" वीजवाला येऊन गेला. म्हणाला, याचे सुटे भाग आता निघत नाहीत. उद्या सकाळी नवा येतोय, एकतीस बटणांचा. माझा त्याला एकच निरोप: हाताला माणूस समजू नकोस, बाळा.

तुम्हालाही जाता जाता एक विनंती. आत गेलात की नळ जरा मोठ्याने वाजू द्या. भिंतीपलीकडे कोण बसलंय, सांगता येत नाही.

आज सकाळी किन्पेईसान बादली, फडकी घेऊन आले आणि मला घासायला बसले. गुडघा आता वाकत नाही, म्हणून एक पाय लांब करून.

"अहो, उद्या भंगारात जाणार तो," बाहेरून मित्सुयोसान म्हणाल्या. "कशाला घासताय?"

"पुढच्या माणसाच्या हाती ओला, मळका द्यायचा का?"

त्यांनी माझी मागची बोळकांडी पुसली. कागदाचं टोक त्रिकोणी केलं. मग दार लावून घेतलं आणि नदीचं बटण दाबलं. नदी बराच वेळ वाहिली. आत काय चाललं होतं ते मी सांगणार नाही, नदी त्यासाठीच असते. शेवटी त्यांनी माझं झाकण हाताने उघडलं, मी नमस्कार करतोय असं समजून वाकले, आणि बाहेर पडले.

फटक, फटक, फटक. पडवीतून, चटईवर.

"अहो, चपला!" मित्सुयोसान ओरडल्या. "संडासातल्या चपला!"

"असू दे," किन्पेईसान म्हणाले. "घरच्या माणसाच्या आहेत."